सोळा थेंब

१

लिस्काला चौकटीत उभं करायला मला चार मिनिटं लागायची. कुत्रीच्या पुढच्या पायांना दोन पट्टे, मागच्या पायांना दोन. तिच्या डाव्या गालाला शस्त्रक्रिया करून लाळेची वाट बाहेर काढलेली होती. तिथं गरम लाखेनं काचेची इवलीशी वाटी चिकटवायची, वाटीला रबरी नळी जोडायची आणि नळीचं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडायचं. मग मी बाहेर यायचे. आतलं दार लावायचे, बाहेरचं दार लावायचे. दोन दारांच्या मध्ये हातभर पोकळी होती आणि भिंतींत भुसा ठासून भरला होता. बाहेरचा कुठलाही आवाज कुत्र्याच्या कानावर पडू नये म्हणून.

बाहेरच्या टेबलाशी डॉक्टर मत्वेय लावरेंत्येविच बसलेले असत. त्यांच्यापुढं दोन रबरी फुगे. एक दाबला की आत लोलकाचं यंत्र टकटकायला लागायचं, दुसरा दाबला की मांसाच्या भुकटीची वाटी फिरून लिस्काच्या तोंडापुढं यायची. भिंतीतून आलेली नळी टेबलावरच्या एका आडव्या काचनळीला जोडलेली होती आणि तिच्यात लाल पाणी होतं. आत लाळेचा एक थेंब पडला की बाहेर ते पाणी एक खूण पुढं सरकायचं.

आधी टकटक, मग खाणं. पुन्हा टकटक, पुन्हा खाणं. महिनाभर असं केलं की नुसत्या टकटकीला कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग उलटा प्रयोग. टकटक करायची आणि खाणं द्यायचं नाही. आठवड्याभरात थेंब कमी कमी होत शून्यावर येत. याला आम्ही सवय विझणं म्हणायचो.

आमच्या संशोधन संस्थेत अशी पुष्कळ कुत्री होती. मी त्यांना आंघोळ घालायचे, चौकटीत बांधायचे, काचेतून त्यांच्याकडं बघत बसायचे. नऊ वर्षं हेच काम केलं. युद्ध झालं, क्रांती झाली, उपासमार झाली, शहराचं नाव बदलून लेनिनग्राद झालं. मी आपली पट्टे बांधत होते.

२

माझी आई फेव्रोन्या माझ्याजवळ राहायची. चौथ्या मजल्यावर आमची एक खोली होती, स्वयंपाकघर शेजारणींबरोबर. आई सत्तरीला आली होती आणि हळूहळू सगळं विसरत चालली होती. चूल पेटती ठेवायची. जिन्यात उभी राहून वर जायचंय की खाली, हे आठवत बसायची. दिवसभर एकटी असली की रडायची, म्हणून तिला काहीतरी काम द्यावं असं माझ्या मनात आलं.

आमच्या शहरात रोज दुपारी बाराला किल्ल्यावरून तोफ उडते. मी आईला त्या तोफेवर शिकवलं. तीन आठवडे रजेच्या दिवशी आणि डॉक्टरांनी सोडलं त्या त्या दुपारी घरी जाऊन शिकवलं.

"आई, तोफ झाली. आता काय करायचं?"

"भांडं घ्यायचं."

"मग?"

"ग्लाशाकडं जायचं. ग्लाशा उपाशी आहे."

ग्लाशा म्हणजे मी. "शाब्बास," असं म्हणून मी तिच्या हातावर साखरेचा खडा ठेवायचे.

ती शिकली. पुढं ती स्वतःच्या नवऱ्याचं नाव विसरली, पण हे विसरली नाही. तोफ झाली की कुट्टूची काशा, म्हणजे शिजवलेल्या दाण्यांचा घट्ट भात, भांड्यात भरायची, रुमालात बांधायची, रबरी बूट चढवायची आणि एक पाय जरा ओढत चार गल्ल्या ओलांडून संस्थेत यायची. मत्वेय लावरेंत्येविच हसायचे. "ग्लाफिरा इग्नात्येव्ना, मला कुत्र्यांना जे सहा महिन्यांत शिकवता येत नाही, ते तुम्ही आईला तीन आठवड्यांत शिकवलंत. तुमचं नाव शोधनिबंधावर माझ्या आधी घालायला हवं."

आई यायची तेव्हा मी लिस्काला नुकतंच खोलीतून बाहेर काढलेलं असायचं. तिच्या गालाची लाख खरवडायची, वाटी धुवायची, आकडे उतरवायचे. मान वर न करता मी म्हणायचे, "ठेव तिथं, आई."

आई भांडं ठेवायची आणि थोडा वेळ उभी राहायची. मग भांडं उघडून बोटांनी काशेचा एक गोळा करायची आणि लिस्काला भरवायची. मग दुसरा. मी जेवायला बसायचे तोवर भांडं निम्मं झालेलं आणि गार पडलेलं असायचं. आई गेलेली असायची.

एकदा उन्हाळ्यात दारं उघडली होती, पण लिस्का अजून चौकटीतच, गालाला वाटी-नळी तशीच असताना बाहेर रबरी बूट वाजले. फटॅक, फटॅक. लिस्काच्या नळीतलं पाणी सरसर सरकलं. मत्वेय लावरेंत्येविचनी मोजलं.

"तुमच्या आईच्या बुटांना सोळा थेंब," ते म्हणाले. "माझ्या यंत्राला अकरा. नऊ वर्षं शिकून मी एका म्हातारीच्या पायतणापुढं हरलो." आणि गमतीनं त्यांनी तो आकडा वहीत लिहूनही ठेवला.

३

तेवीस सप्टेंबरला दुपारी आई नेहमीसारखी आली. मी "ठेव तिथं" म्हटलं. तिनं ठेवलं, लिस्काला भरवलं आणि ती गेली.

तीननंतर समुद्राकडून वारा सुटला आणि नदीचं पाणी उलटं चढायला लागलं. किल्ल्यावरून इशाऱ्याच्या तोफा सुरू झाल्या. आधी अर्ध्या तासानं, मग लवकर लवकर. कुत्र्यांचे पिंजरे अंगणात, जमिनीलगत होते. आम्ही धावत गेलो तेव्हा पाणी कमरेला लागत होतं. कुत्री पिंजऱ्याच्या छताला नाकं लावून तरंगत होती आणि पिंजऱ्याची दारं मात्र खाली, पाण्यात. त्यांना बाहेर काढायचं तर आधी डोकं धरून पाण्याखाली दाबावं लागत होतं. ती माझ्या हातांना ओरबाडत होती. मी ज्याला ज्याला वाचवलं, त्याला आधी बुडवलं.

रात्री आठपर्यंत आम्ही सगळी कुत्री वरच्या मजल्यावर नेली. एकही मेलं नाही. आई चौथ्या मजल्यावर आहे, तिथं पाणी कसलं चढतंय, असं मी स्वतःला सांगत होते. तोफा ऐकू येत होत्या. माझ्या डोक्यात काही आलं नाही. खरंच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर शेजारीण उस्तिन्या दारातच बसली होती. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं.

"अडवली गं मी तिला," ती म्हणाली. "तोफ झाली तशी उठली. मी म्हटलं, फेव्रोन्या, दुपारी जाऊन आलीस ना? ही जेवणाची तोफ नव्हे, पाण्याची आहे. तर म्हणते, तोफ ती तोफ, पोर उपाशी आहे. दोनदा जिन्यातनं ओढून आणली. दर तोफेला उठायची, ग्लाशा. भांड्यात घालायला काही नव्हतं, तर रिकामंच भांडं बांधलं. शेवटी मी हात धरला तर चावली मला. तुझी आई, जी कधी मुंगीला मारत नव्हती."

आई तिसऱ्या दिवशी सापडली. रस्त्यांवर फरशीसारखे बसवलेले लाकडी ठोकळे उखडून पाण्यावर आले होते, त्यांच्या ढिगात. आमच्या संस्थेच्या फाटकापासून दोनशे पावलांवर.

४

पुरानंतर कुत्री बिघडली. वर्षानुवर्षं शिकवलेलं एका संध्याकाळीत पुसलं गेलं होतं. टकटक केली तरी नळीतलं पाणी हलत नव्हतं. काही नुसती थरथरत उभी राहायची. लिस्का तर पार कोरी झाली होती. मत्वेय लावरेंत्येविच म्हणाले, पहिल्यापासून सुरू करू. आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी लिस्का आत होती. यंत्र बंद होतं आणि डॉक्टर पेन्सिलीला टोक करत होते. माझी नजर सहज काचनळीकडं गेली. लाल पाणी सरकत होतं.

एक. थोडं थांबून दोन. मग लागोपाठ सातपर्यंत.

"तुम्ही फुगा दाबलात?" मी विचारलं.

"हात तर इथं आहेत माझे."

मी दाराच्या काचेला डोळा लावला. लिस्का आतल्या दाराकडं मान वळवून उभी होती. तिचे कान पुढं आले होते, शेपूट चौकटीच्या खांबावर आपटत होतं. पुरानंतर मी तिला शेपूट हलवताना पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ काढलं. बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती. तोफेनंतर घरून निघालं की इथं पोचायला आईला सतरा मिनिटं लागायची. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी घड्याळ मिटून खिशात टाकलं.

"वेळेची सवय असते ही," ते शेवटी म्हणाले. "पोटातलं घड्याळ. तुमची आई रोज या वेळी खाऊ घालायची, कुत्रीच्या मेंदूत कुठंतरी ते उरलंय. खाणं मिळणार नाही, चार दिवसांत विझेल. मनाला लावून घेऊ नका."

मला ते पटलं. नऊ वर्षं मी दुसरं काय बघत आले होते.

५

ते विझलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात. मग आठ. मग दहा. रविवारी प्रयोग नसतात. सोमवारी पुन्हा दहा. गुरुवारी बारा. यंत्राच्या टकटकीला लिस्का अजून दोन थेंबांच्या वर जात नव्हती. पण बारा सतराला, त्या भुशाच्या भिंतींच्या आत, जिथं तोफही ऐकू जात नाही, तिच्या तोंडाला धार लागत होती.

मत्वेय लावरेंत्येविच चिडचिडे झाले. आकडे त्यांच्या नियमात बसत नव्हते. एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं.

"ग्लाफिरा इग्नात्येव्ना, सरळ विचारतो, राग मानू नका. तुम्ही तिला चोरून काही देता का?"

"मी? कधी देणार? मी तर तुमच्या शेजारी बसलेली असते."

"मला माहीत आहे. म्हणूनच विचारतोय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जी सवय विझत नाही, तिला कुणीतरी खाऊ घालत असतं. यात दुसरा नियम नाही. नुसत्या आठवणीवर थेंब टिकू शकतो, वाढू शकत नाही. ही रोज वाढतेय. म्हणजे रोज तिला काहीतरी मिळतंय."

दुसऱ्या दिवशी लिस्काला त्यांनी स्वतः बांधलं. दोन्ही दारं स्वतः लावली आणि फटीवर लाखेची मोहर उमटवली. मला समोरच्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसायला लावलं. बारा सतराला पाणी सरकायला लागलं, ते सोळाव्या खुणेवर थांबलं. डॉक्टर ती खूण बघत राहिले. मग त्यांनी कपाटातून उन्हाळ्यातली जुनी वही काढली, ते पान उघडलं आणि लगेच मिटलं.

मोहर शाबूत होती. ती फोडून मी आत गेले. लिस्का ओठ चाटत होती. वाटी काढायला तिचं तोंड धरलं तेव्हा तिच्या मिशीच्या केसाला काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी ते बोटावर घेतलं. शिजून फुललेला कुट्टूचा दाणा होता.

आमच्या कुत्र्यांना ओटची पेज आणि मांसाची भुकटी मिळते. कुट्टू त्या हिवाळ्यात माणसांना मिळत नव्हता.

मी दाणा डॉक्टरांना दाखवला नाही. तोंडात टाकला. त्याला काही चव नव्हती.

६

जानेवारीत मत्वेय लावरेंत्येविचनी एक नवी युक्ती काढली. "पुराची भीती हिच्या अंगात अजून किती आहे ते बघू," ते म्हणाले. "दाराखालून पाणी सोडू. घाबरलेल्या कुत्र्याची लाळ आटते. ते तुमचं बारा सतराचं भूत आपोआप जाईल."

ते गमतीनं भूत म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

बाराला पाच कमी असताना मी रबरी नळीचं तोंड आतल्या दाराच्या फटीत सरकवून नळ सोडला. काचेतून आम्ही आळीपाळीनं बघत होतो. पाण्याचा पातळ थर जमिनीवर पसरला. लिस्कानं तो पाहिला आणि ती ओरडायला लागली. ओरडणं ऐकू येत नव्हतं, उघडझाप होणारं तोंड तेवढं दिसत होतं. तिनं पट्टे ताणले, मागचे पाय वाकले, ती चौकटीत लोंबली. नळीतलं पाणी निश्चल होतं. माझ्याच हातांवर पुन्हा नखं उमटल्यासारखं वाटलं. मी नळ बंद केला.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "कोरडी ठणठणीत."

बारा पंधरा. बारा सोळा.

मग लिस्का उभी राहिली. थरथर थांबली. कान पुढं आले.

तेव्हा काचेला डॉक्टरांचा डोळा होता. त्यांची पाठ ताठ झाली. मग ते बाजूला झाले, म्हणून मी पाहिलं.

जमिनीवरचं पाणी आरशासारखं स्थिर होतं. दारापाशी त्याच्यावर एक वर्तुळ उठलं आणि पसरलं. मग वीतभर पुढं, थोडं डावीकडं, दुसरं. मग उजवीकडं तिसरं. एक पाय जरा ओढत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं ती वर्तुळं दारापासून चौकटीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. लिस्कानं मान उचलून तोंड उघडलं.

मी काचेपासून दूर झाले तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसलेले होते.

"तळघरात पंप चालतो," ते म्हणाले. "त्याचे धक्के बसतात जमिनीला."

"पंप दारापासून चौकटीपर्यंत चालत जातो का, मत्वेय लावरेंत्येविच?"

टेबलावरची नळी सोळावर होती. त्या दिवसाचा रकाना त्यांनी कोराच सोडला.

७

मला आत बसायचंय, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पाच मिनिटं. बारा वाजून वीसला मी दार उघडणार, तुम्ही काहीही म्हणा." मग जरा थांबून म्हणाले, "काय बघायचंय तुम्हाला?"

"आई मला ओळखते का ते."

आत बसल्यावर पहिल्यांदा कळलं की त्या खोलीत शांतता कशी असते. कानात स्वतःचं रक्त वाजतं. लिस्काचा श्वास, लाखेचा वास, छतालगत एक मंद दिवा. मी चौकटीजवळ, भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसले. घड्याळ नव्हतं. लिस्काच्या कानांवरूनच वेळ कळणार होती.

कान उठले.

दोन्ही दारं बंद होती. एकही उघडलं नाही. पण आधी ओल्या लोकरीचा वास आला, मग किंचित करपलेल्या काशेचा. आईची काशा नेहमी करपायची. मग पावलं. फटॅक. फटॅक. इतक्या जवळ की मी पाय मागं घेतले.

दिव्याचा उजेड कमी झाला नव्हता, तरी मला सगळं दिसलं नाही. मुद्दाम बघायला गेलं की तिथं नुसती भिंत असायची. नजर लिस्काच्या तोंडावर ठेवली तेव्हा कडेला एक हात दिसला. फुगलेला, साबणासारखा पांढरा, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. तीन बोटांत काशेचा गोळा. लिस्कानं तो हळूच, दात न लावता घेतला.

"आई," मी म्हटलं.

हात भांड्याकडं गेला, पुन्हा वर आला. दुसरा गोळा.

"आई, मी आहे. ग्लाशा. मी उपाशी आहे, आई."

मी लहान पोरासारखं तोंड उघडलं. खरंच उघडलं, चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. हात माझ्या तोंडासमोरून, चेहऱ्याला गारवा लागेल इतक्या जवळून गेला, आणि लिस्काकडं वळला. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. स्टुलावर कुणी बसलंय हेच तिथं कुणाच्या गावी नव्हतं.

मी पुढं वाकले तशी लिस्का माझ्यावर गुरगुरली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी तोंड उघडलं तेही. ते ऐकत राहिले.

"तुम्ही चांगल्या मदतनीस आहात," ते म्हणाले, "आणि तुम्हाला झोपेची गरज आहे."

"नियम सांगा ना मला, मत्वेय लावरेंत्येविच. कुणी रोज येतं आणि समोरून काहीच मिळत नाही. मान वर करत नाही, बघत नाही. शंभर दिवस, दोनशे दिवस. मग काय होतं?"

मला उत्तर माहीत होतं. आईच्या मनात मी विझले होते. जिवंत होती तेव्हाच केव्हातरी. शेवटच्या वर्षात ती भांडं घेऊन यायची ती माझं नाव घेऊन, पण तिची वाट बघत असायची ती लिस्काच.

८

फेब्रुवारीत लिस्काला खोकला झाला आणि आठ दिवसांत ती गेली. तिच्या शेवटच्या दुपारी मी तिला चौकटीत बांधलं नाही, माझ्या शालीवर झोपवलं. बारा सतराला तिनं शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि खरं सांगायचं तर मी तिचा हेवा करत होते.

मग मी डॉक्टरांकडं एक मागणं मागितलं. त्या सुमाराला माणसांची लाळ मोजायलाही एक छोटी चकती निघाली होती. गालाच्या आतून चिकटवायची, कापायचं काही नाही. ती मला लावा, असं मी म्हटलं. लिस्काच्या खोलीत मला रोज दुपारी बसवा आणि मोजा.

"काय मोजू?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं कुणी आलं तर माझ्या आधी माझ्या तोंडाला कळेल."

त्यांना माझी कीव आली असावी. "एक आठवडा," ते म्हणाले. "दारं उघडी ठेवून. त्यानंतर तुम्ही रजेवर जाल."

दारं उघडी असल्यामुळं तोफ ऐकू यायची. पहिल्या दिवशी तोफ झाली, मी डोळे मिटले, काशेचा विचार केला, आईच्या हातांचा केला. जीभ टाळूला चिकटली. बाहेरून डॉक्टर म्हणाले, "शून्य." दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी ते नुसते मान हलवून गेले. घरी उस्तिन्या म्हणाली, "काहीतरी खात जा गं, ग्लाशा. तुझ्या गालात खड्डे पडलेत." मी घास तोंडात घेतला की तो कोरडा कोरडा फिरत राहायचा, गिळला जायचा नाही.

शेवटच्या दिवशी समोरच्या खोलीचीही दारं उघडी होती. तिथं ग्रोम नावाचा नवा कुत्रा चौकटीत उभा होता. त्याला जानेवारीच्या शेवटी दूरच्या एका खेड्यातून आणला होता. अजून त्याला काही शिकवलं नव्हतं, नुसती पट्ट्यांची सवय लावत होते. त्याच्या गालाला वाटी लावलेली होती आणि त्याची नळीही त्याच टेबलाकडं येत होती. त्यानं पूर पाहिला नव्हता. माझ्या आईला तर त्यानं कधीच पाहिलं नव्हतं.

तोफ झाली. मी मोजत बसले. सतरा मिनिटं फार मोठी असतात.

"माझे किती?" मी चकतीमुळं जड झालेल्या जिभेनं विचारलं.

"शून्य," मत्वेय लावरेंत्येविच म्हणाले. पण ते माझ्या नळीकडं बघत नव्हते. ते दुसऱ्या नळीकडं बघत होते आणि त्यांचा हात तोंडावर गेला होता.

मी उघड्या दारातून समोर पाहिलं. ग्रोम एकदम ताठ झाला होता. त्याचे कान हळूहळू पुढं आले. तो माझ्या खोलीकडं बघत होता, पण माझ्याकडं नाही. माझ्या मागं, जिथं भिंत होती, तिथं.

ओल्या लोकरीचा वास आला.

मी मागं वळले नाही. तोंड उघडं ठेवून बसले. पावलं माझ्या खांद्याशी आली, फटॅक, फटॅक, बाजूनं गेली, उंबरा ओलांडला, आणि समोरच्या खोलीत कुत्र्याचं शेपूट खांबावर आपटायला लागलं.